जनरल रजिस्टर, भाग दोन

"संस्थेच्या संग्रहातील एकही कागद नष्ट झालेला नाही. सर्व दुर्मीळ साहित्याचे शंभर टक्के डिजिटल जतन पूर्ण झाले असून मूळ प्रती सुरक्षित स्थळी हलविण्यात आल्या आहेत."

हे विधान मावळ ग्रंथमंडळ, लोणावळा, या संस्थेच्या गेल्या वर्षीच्या अहवालात सातव्या पानावर आहे. त्याखाली डॉ. प्रज्ञेश यांची सही असून सहीखाली 'मुख्य ज्ञान अधिकारी' असे पदनाम आहे. विधान दोन वाक्यांचे आहे आणि त्यात चार असत्ये आहेत. मराठी गद्यात इतकी काटकसर हल्ली फारशी आढळत नाही.

क्रमाने पाहू. 'एकही कागद नष्ट नाही' असे म्हणणाऱ्या संस्थेच्या फाटकावरच्या वहीत, बारा मार्चच्या रकान्यात, दोन टेम्पो बाहेर गेल्याची नोंद आहे; माल: 'जुनी पुस्तके व कागद'. 'शंभर टक्के जतन' म्हणजे प्रत्येक बांधीव खंडाचे मुखपृष्ठ आणि पहिले पान यांचे छायाचित्र, कारण छायाचित्रे काढण्याचा करार पानांवर नव्हता, खंडांवर होता. 'दुर्मीळ' कशाला म्हणायचे हे टेम्पो गेल्यानंतर ठरले. जे उरले ते दुर्मीळ. या व्याख्येनुसार जळलेल्या गावातले उरलेले घर हेच संपूर्ण गाव ठरते. राहिले 'सुरक्षित स्थळ'. ते कोठे आहे, असे मी आजीव सभासद या नात्याने तीनदा लेखी विचारले. एकदा उत्तर आले: 'बाह्य साठवण'. त्यातला 'बाह्य' हा शब्द खरा होता. कागदाचा लगदा करणारा कारखाना संस्थेच्या बाहेरच असतो.

मी शैला. या संस्थेत एकोणतीस वर्षे ग्रंथपाल होते. लोणावळ्याच्या हवेत पुस्तक सांभाळणे म्हणजे काय, हे ज्यांनी चार महिने भिंतींना घाम फुटलेला पाहिला आहे त्यांनाच कळेल. कपाटात वेखंडाच्या पुरचुंड्या, दर शनिवारी कोरड्या फडक्याने पुसलेले पुठ्ठे, आश्विनात ऊन पडले की गच्चीवर उघडून ठेवलेल्या वह्या. या कामाला शास्त्र म्हणतात, असे मी विद्यार्थ्यांना सांगत असे. संस्थेतच संध्याकाळी ग्रंथालय प्रमाणपत्राचा वर्ग चाले आणि तो मी घेत असे.

प्रज्ञेश त्या वर्गातला. परीक्षेला पुस्तकांच्या नोंदी करण्याच्या प्रात्यक्षिकात मी त्याला वीसपैकी अठरा गुण दिले. ते परत घेण्याची तरतूद विद्यापीठाच्या कोणत्याही नियमात नाही. मी शोधली आहे.

वीस वर्षांनी तो डॉक्टरेट, दोन परदेशी परिषदा आणि 'बृहस्पती' नावाची संगणक-प्रणाली घेऊन परतला. शीर्षक वाचून पुस्तकाचा वर्ग आपोआप ठरवणारी, निरुपयोगी साहित्य आपोआप वेगळे काढणारी अशी ती प्रणाली होती. कार्यकारिणीपुढे त्याने सांगितले की ग्रंथपाल हा पुस्तक आणि वाचक यांच्यामधला दलाल असून भविष्यात दलालांना जागा नाही. कार्यकारिणीत तीन बांधकाम व्यावसायिक होते. दलाल या शब्दाचा अर्थ त्यांना चांगला ठाऊक होता, तरी त्यांनी टाळ्या वाजवल्या. ग्रंथपालासह चार पदे त्या बैठकीत रद्द झाली.

माझ्या निरोपाला शाल, श्रीफळ आणि जुन्या कार्ड-कपाटाचा एक खण मिळाला, पितळी कडीचा, आतल्या कार्डांसह. कपाट मोडीत निघाले होते. त्यातला हा तुकडा 'शोभेची वस्तू' म्हणून पॉलिश करून दिला होता. देताना प्रज्ञेश ध्वनिक्षेपकावर म्हणाला, "बाई, आता यात मसाल्याची पाकिटं ठेवा." सगळे हसले. मीही हसले. त्या हसण्यामुळे मला त्याच्यापेक्षा स्वतःचा राग अधिक आला आणि तो मी व्यवस्थित जपून ठेवला. जपून ठेवणे हा माझा व्यवसाय होता.

गेल्या जूनमध्ये तुंगार्लीतल्या माझ्या घरी दोन माणसे आली. सत्तरीला टेकलेला, काटक अंगाचा एक म्हातारा आणि त्याची एकोणीस वर्षांची नात. तिकोणा पेठेच्या वरच्या अंगाला ठाकरांची वाडी आहे, तिथली. म्हाताऱ्याचे नाव कोंडू, मुलीचे बबिता. संस्थेच्या जुन्या शिपायाने त्यांना माझा पत्ता दिला होता.

बबिताला नर्सिंगच्या पदवीसाठी राखीव जागेवर तात्पुरता प्रवेश मिळाला होता. जमातीच्या दाखल्याची पडताळणी तीस सप्टेंबरपर्यंत झाली नाही तर प्रवेश रद्द होणार होता. पडताळणी समितीला पन्नास सालापूर्वीचा पुरावा हवा होता. डोंगरातल्या भूमिहीन माणसाकडे पन्नास सालापूर्वीचे काय असते? सातबारा नाही, घरपट्टी नाही, जन्माची नोंद नाही. परंतु कोंडूचा बाप गोमा हा आमच्या मंडळाच्या वसतिशाळेत दोन वर्षे शिकला होता. मंडळाची शाळा साठ वर्षांपूर्वी बंद पडली आणि तिची दप्तरे ग्रंथालयात आली.

म्हणून ही दोघे आधी ग्रंथालयात गेली होती. तिथे आता टेबलाशी माणूस नसतो. एक उभा पडदा असतो.

"त्या टीवीला बोट लावलं," कोंडू सांगू लागला, "तर त्यो बाईमान्साच्या आवाजात म्हनला, आपन काय शोधत आहात? म्या म्हनलं, बाप. तर म्हनला, निकाल सापडला न्हाई."

"आबा, त्याला नाव सांगायचं असतं," बबिता म्हणाली.

"सांगितलं की. गोमा म्हनलं. तर त्यानं गोमंतकाची धा पुस्तकं दावली. लय हुशार यंत्र."

मी हसले नाही. गोमा हे नाव मी वाचले होते आणि कोठे वाचले होते हेही मला आठवत होते. अठ्ठ्याण्णव सालच्या पावसाळ्यात, वाचक फिरकत नसत त्या दिवसांत, मी वसतिशाळेच्या प्रवेश-वह्या वाचून डोंगरवाड्यांतल्या प्रत्येक मुलाचे एक कार्ड केले होते. सहाशे बारा कार्डे. ते काम कोणी सांगितलेले नव्हते. या मुलांचे नाव आयुष्यात एकदाच कोणीतरी शाईने लिहिले होते. ते पुन्हा सापडण्याजोगे असावे, इतकाच माझा विचार होता.

ती कार्डे माझ्या बैठकीच्या खोलीत, शोभेच्या वस्तूत होती. मी खण ओढला.

'गोमा बाळू. जात: हिंदू ठाकर. रा. ठाकरवाडी, तिकोणा पेठ. प्रवेश: ७ जून १९४४. जनरल रजिस्टर, भाग दोन, पृ. ६३, अ. क्र. ४१८.' खाली माझी सही आणि तारीख.

कोंडूने कार्ड दोन्ही हातांत धरले. त्याला वाचता येत नव्हते. त्याने बोट अक्षरांवरून न फिरवता बाजूच्या कोऱ्या जागेवरून फिरवले, अक्षर पुसले जाऊ नये अशा बेताने.

"ह्यो माजा बा?"

"हो."

"एवढाच?" असे म्हणून तो बबिताकडे वळला. "एवढुसा कागुद, आन त्येच्यापायी आमी धा खेपा वडगावच्या कचेरीत गेलतो."

मी त्यांना सांगितले की हे कार्ड म्हणजे मूळ नोंद नव्हे. मूळ नोंद रजिस्टरात आहे आणि रजिस्टर संस्थेत आहे. त्या क्षणी माझा तसा प्रामाणिक समज होता. सातवे पान मीही वाचले होते आणि त्यातल्या इतर बढाया सोडल्या तरी 'मूळ प्रती सुरक्षित' एवढ्यावर माझा विश्वास होता. एकोणतीस वर्षांची सवय अशी असते.

ते रजिस्टर शोधायला मला पाच आठवडे आणि तीन अर्ज लागले. शेवटी जे कळले ते एका शब्दात सांगता येईल. तो शब्द 'जनरल'.

महाराष्ट्रातल्या कोणत्याही शाळेच्या कारकुनाला विचारा: जनरल रजिस्टर म्हणजे काय? तो सांगेल, शाळेतली सर्वांत मोलाची वही. त्यात मुलाचे नाव, जात, जन्मतारीख, गाव, सगळे एकदाच लिहिले जाते आणि मरेपर्यंत तेच खरे धरले जाते. शाळेला आग लागली तर आधी ती वही बाहेर काढावी, असे जुने मुख्याध्यापक सांगत. प्रणालीला मात्र शब्द येत होते, शाळा ठाऊक नव्हती. तिने 'जनरल रजिस्टर' याचे शुद्ध मराठी केले: 'सामान्य नोंदवही'. सामान्य नोंदवह्यांचा वर्ग 'सामान्य कार्यालयीन कागद'. त्या वर्गाचा निकष 'दहा वर्षांत मागणी नसल्यास निष्कासन'. मागणी नव्हती. ज्या मुलाला ठाकर म्हणून लिहिले होते, त्याची नोंद अखेर जनरल म्हणून बाद झाली. हा विनोद मी रचलेला नाही; माझी तेवढी प्रतिभा नाही.

वडगाव मावळच्या कोर्टाजवळ बसणाऱ्या वकील यशोधरा यांना मी कार्ड दाखवले. बाई नेमके बोलणाऱ्या आहेत. त्यांनी सांगितले की मूळ दस्त नष्ट झाला असेल तर त्यावरून केलेली जुनी नोंद दुय्यम पुरावा म्हणून पुढे करता येते. परंतु आधी मूळ दस्त नष्ट झाला हे सिद्ध झाले पाहिजे. संस्था तर छापून सांगते आहे की तो सुरक्षित आहे. म्हणजे जोवर संस्थेचे विधान उभे आहे, तोवर माझे कार्ड हा एका निवृत्त बाईच्या हस्ताक्षराचा नमुना आहे.

"ज्याने वही रद्दीत दिली त्यानेच शपथेवर म्हणायला हवं," त्या म्हणाल्या. "ते तो का म्हणेल?"

तो का म्हणेल, याचा विचार मी घरी परतताना केला आणि मला, खरे सांगायचे तर, फार बरे वाटले. निरोप समारंभापासून मी ज्याची वाट पाहत होते ती गोष्ट आणि बबिताला जिची गरज होती ती गोष्ट एकच निघाली होती. विद्वत्तेच्या क्षेत्रात असा योग क्वचित येतो.

जुलैअखेरीस लोणावळ्यातल्या एका रिसॉर्टमध्ये 'ग्रंथालयांचे भवितव्य' या विषयावर दोन दिवसांची परिषद भरली. प्रज्ञेशचे बीजभाषण होते. आजीव सभासद म्हणून मला निमंत्रण होते. मी बबिताला सोबत नेले. बाहेर धुके काचांना टेकले होते आणि आत दोनशे ग्रंथपाल आपल्याच अंत्यविधीचे व्याख्यान ऐकत होते. बरेच जण टिपणे घेत होते.

प्रज्ञेश चांगला बोलतो. माहितीचा साठा करणे हे गेल्या शतकाचे काम, असे तो म्हणाला. या शतकाचे काम माहितीचा प्रवाह. मग त्याने प्रणालीचा गौरव केला: ती काहीही लपवत नाही, प्रत्येक नोंदीसोबत त्या नोंदीचा संपूर्ण इतिहास ठेवते, हा पारदर्शकतेचा नवा धर्म आहे. शेवटी त्याने सभागृहाला आवाहन केले की काहीही विचारा, उत्तर पडद्यावर दिसेल.

बबिता उठली. चिठ्ठीवरून वाचल्यासारखे, पण स्पष्ट बोलली. "मंडळाच्या वसतिशाळेचं जनरल रजिस्टर, भाग दोन. पान त्रेसष्ट."

संगणकाशी प्रणाली चालवणाऱ्या कंपनीची एक तरतरीत मुलगी बसली होती. तिने टंकले. पडद्यावर आले: 'सामान्य नोंदवही, खंड २. स्थिती: निष्कासित.' प्रज्ञेशने मला पाहिले नव्हते, आता पाहिले. तो म्हणाला की ही किरकोळ कार्यालयीन बाब दिसते, पुढचा प्रश्न घेऊ. मी बसल्या जागेवरून त्या मुलीला एवढेच सांगितले की नोंदीचा इतिहास उघड. आत्ताच तो धर्म म्हणून सांगितला गेला होता, त्यामुळे तिने विचार न करता उघडला.

पडद्यावर ओळी उमटल्या. वर्गीकरणाची खात्री: एक्केचाळीस टक्के. शेरा: शीर्षक संदिग्ध, मूळ वस्तू माणसाने उघडून पाहावी. निर्णय: मंजूर. मंजुरी देणारा: प्रज्ञेश. एकत्रित मंजूर केलेल्या नोंदी: तीन हजार चारशे बारा. लागलेला वेळ: नऊ सेकंद.

मी आयुष्यभर पुस्तके वाचली आहेत. इतके सुरेख गद्य कमी वाचले आहे. यंत्राविषयी माझ्या मनात जो आकस होता तो त्या क्षणी मावळला. बिचाऱ्याने प्रामाणिकपणे सांगितले होते की मला कळत नाही, कोणाला तरी विचारा. त्याच्या निर्मात्याला जे कधी म्हणता आले नाही ते त्याला म्हणता आले होते. सभागृहात मागच्या रांगेत कोणीतरी नऊ सेकंद मोजून पाहिले, मोठ्याने. नऊपर्यंत पोचताना पुष्कळ आवाज सामील झाले होते.

चहाच्या वेळी तो माझ्याजवळ आला. त्याने आवाज खाली ठेवला आणि एक सोय सुचवली. माझ्या कार्डावरून संस्था एक प्रमाणित उतारा टंकून देईल, 'मूळ नोंदवहीवरून तपासले' असा शिक्का मारून. मुलीचे काम दोन दिवसांत होईल. अहवाल जसा आहे तसा राहील.

"मुलीचं वर्ष वाचेल, बाई. तुम्हाला तेच हवंय ना?"

मी नकार दिला. समितीचे दक्षता पथक मूळ वही पाहायला येते, वही नसेल तर उताऱ्यासह बबिताही खोटी ठरेल आणि पुन्हा कधीच खरी होणार नाही, हे मी त्याला सांगितले. हे कारण खरे होते. एकमेव नव्हते.

परतताना जीपमध्ये बबिता माझ्याशेजारी बसली होती. तिने विचारले, "बाई, तुम्हाला माझं काम करायचंय, का त्याला धरायचंय?"

"दोन्ही."

"आन दोन्हीतलं एकच व्हनार असलं तर?"

प्रश्न योग्य होता आणि उत्तर मला ठाऊक नव्हते, किंवा ठाऊक होते. तिने उताऱ्याचे घरी कोंडूला सांगितले असावे. दुसऱ्या दिवशी तो तिकोणा पेठेहून फोन मिळवून बोलला. मला वाटले, उतारा घ्या म्हणेल. तो म्हणाला, "माजा बा हितं खराच शिकला. मंग खोटा कागुद कशापायी, बाई? त्येला म्हनावं, वही घालवली तर घालवली म्हनून सांग. आमची बैलं हारवली तर आमी चावडीवर सांगतो का न्हाई?" माझ्या सूडापेक्षा त्याची मागणी साधी होती आणि तरी दोघांना हवे होते ते वाक्य एकच होते.

ऑगस्टमध्ये समितीचे पत्र संस्थेला आले. तीन सप्टेंबरला जनरल रजिस्टर, भाग दोन, मूळ स्वरूपात घेऊन संस्थेच्या जबाबदार अधिकाऱ्याने हजर राहावे. ते पत्र बबिताच्या अर्जावरून निघाले होते. अर्जाचा मसुदा माझा होता. त्याला मी अहवालाचे सातवे पान जोडले होते आणि 'सुरक्षित' या शब्दाखाली पट्टीने रेघ मारली होती.

आता प्रज्ञेशपुढे दोन दारे होती. वही आहे म्हणावे तर आणावी लागणार. नाही म्हणावे तर शपथेवर म्हणावे लागणार. कार्यकारिणीच्या अध्यक्षांनी त्याला कळवले की हा तांत्रिक विषय असून संस्थेचा याच्याशी संबंध नाही. दलालांना जागा नसते, हे त्यांनी त्याच्याकडूनच ऐकले होते.

दोन सप्टेंबरला सकाळी वडगावला यशोधरा वकिलांच्या कार्यालयात आम्ही बसलो: ते दोघे आजा-नात, वकीलबाई, मी, आणि टेबलापलीकडे प्रज्ञेश. तो स्वतःचा मसुदा घेऊन आला होता.

'सदर नोंदवही तांत्रिक कारणास्तव उपलब्ध होऊ शकत नाही.'

मी लाल शाईने काट मारली आणि कागद परत दिला. लाल पेन मी मुद्दाम आणले होते. त्याने दुसरा लिहिला: 'प्रणालीच्या वर्गीकरणातील त्रुटीमुळे नोंदवही निष्कासित झाली.' मी 'प्रणाली' या शब्दाभोवती गोल केला आणि समासात 'साक्षीदार, आरोपी नव्हे' असे लिहिले. तिसरा: 'आमच्याकडून अनवधानाने नोंदवही रद्दीत दिली गेली.' मी विचारले, आमच्याकडून म्हणजे किती जणांकडून.

मराठीत गुन्हा करणे व्याकरणदृष्ट्या सोयीचे आहे. भूतकाळातले सकर्मक क्रियापद कर्त्याला ओळखत नाही. ते कर्माच्या मागून चालते. मी वही दिली, त्याने वही दिली, तिने वही दिली: क्रियापद तेच. म्हणून आपल्याकडे कर्ता गाळला तरी वाक्य पडत नाही, आणि आपले सारे अहवाल असे बिनकर्त्याचे उभे असतात. हे मी त्याला वर्गात शिकवले होते. वडगावला पुन्हा शिकवले.

"बाई, तुम्हाला नक्की काय हवंय?" तो म्हणाला. "पद परत हवंय? मी कार्यकारिणीशी बोलतो."

"पद नको. वाक्य हवं आहे."

"अकरा वर्षांत ती वही कोणी मागितली नव्हती. एकानेही नाही. हे तरी खोटं आहे का?"

ते खोटे नव्हते. मी तसे सांगितले. विहिरीच्या कठड्याला अकरा वर्षांत कोणी धडकले नाही म्हणून कठडा काढून टाकत नाहीत, हेही सांगितले. मग मी त्याला परीक्षेत विचारत असे तसा प्रश्न विचारला: जनरल रजिस्टर म्हणजे काय?

बाहेर तहसीलच्या आवारात कोणाच्या तरी नावाचा पुकारा झाला.

"माहीत होतं," तो म्हणाला.

"आणि शेरा?"

"वाचला होता."

मी त्याच्याकडून अज्ञानाची अपेक्षा केली होती. अज्ञानाला क्षमा करावी लागली असती म्हणून मी आठवडाभर मनाची तयारीही केली होती. ती आता लागणार नव्हती.

कोंडू एवढा वेळ भिंतीशी बसून होता. तो बबिताला हळूच म्हणाला, पण सगळ्यांना ऐकू गेले: "म्हंजी सायेबाला वही म्हाईत व्हती. मला वाटलं, यंत्रागतच हाय."

प्रज्ञेशने नवा कागद घेतला. या खेपेला मी काहीही सांगितले नाही. त्याने एकटाकी लिहिले, वकीलबाईंनी टंकून घेतले, नोटरीपुढे सही झाली. लाल पेन मी उघडले नाही. एका ठिकाणी विरामचिन्ह चुकले आहे, तेही तसेच राहू दिले.

दुसऱ्या दिवशी समितीने ते प्रतिज्ञापत्र आणि माझे कार्ड एकत्र दाखल करून घेतले. माझी उलटतपासणी पाऊण तास झाली. दक्षता पथक वाडीवर जाऊन आले. बबिताचे वैधता प्रमाणपत्र सव्वीस सप्टेंबरला, मुदतीच्या चार दिवस आधी मिळाले. प्रज्ञेशने राजीनामा दिला. कार्यकारिणीने तो 'वैयक्तिक कारणास्तव' म्हणून स्वीकारला. नव्या अहवालात या प्रकरणाचा उल्लेख असणार नाही, असे मला खात्रीने सांगण्यात आले आहे. म्हणून प्रतिज्ञापत्रातला मजकूर येथे शब्दशः देत आहे. त्यातला एकही शब्द माझा नाही.

"मी, प्रज्ञेश, मावळ ग्रंथमंडळाचा मुख्य ज्ञान अधिकारी, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, वसतिशाळेचे जनरल रजिस्टर, भाग दोन, मी बारा मार्च रोजी इतर कागदांबरोबर रद्दीत दिले. ते आता अस्तित्वात नाही. मूळ प्रती सुरक्षित आहेत हे वाक्य मी लिहिले आणि लिहिताना ते खोटे आहे हे मला माहीत होते. जनरल रजिस्टर म्हणजे मुलांच्या प्रवेशाची मूळ नोंदवही, हे मला शिकवले गेले होते, व मी विसरलो नव्हतो. देण्यापूर्वी मी ते उघडले नाही. यादीतील तीन हजार चारशे बारा वस्तूंपैकी एकही वस्तू मी उघडली नाही. प्रणालीने हे रजिस्टर माणसाने पाहावे असे कळवले होते. तो शेरा मी वाचला आणि मंजुरी दिली. पाहण्यासाठी माणूस बोलावला नाही, कारण ते काम ग्रंथपालाचे होते, आणि ग्रंथपाल लागतो हे मान्य केले असते तर ते पद मी का रद्द केले, याचे उत्तर मला द्यावे लागले असते."